राउटरसाठी लावलेला कौल

आधीच सांगून ठेवते. त्या शनिवारी आमच्या गल्लीत शिडीची गाडी आली ती आग विझवायला नव्हे. गल्लीतल्या बायका अजून तसं सांगत फिरतात. आग लागली नव्हती, कोणी पडलं नव्हतं, कोणाला झटका आला नव्हता. मी फक्त आमच्या राउटरचं फर्मवेअर बदलायचं ठरवलं होतं. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या राउटरचं फर्मवेअर बदललं तर त्यात अग्निशमन दलाचं काय काम, हे तुम्हीच सांगा. (सगळं वाचून झाल्यावर सांगा. मध्ये बोललेलं मला चालत नाही.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राउटर म्हणजे घरभर वाय-फाय पुरवणारी डबी, आणि फर्मवेअर म्हणजे कंपनीने त्या डबीत भरून दिलेली अक्कल. ही अक्कल मुळात बेताची, आणि दोनचार वर्षांनी कंपनी तिच्याकडे बघणंही सोडते. मग जगभरातले काही भले रिकामटेकडे लोक एकत्र येऊन त्याच डबीसाठी नवी अक्कल लिहितात. ती फुकट असते, उघडी असते, कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी. जुनी पुसायची, नवी भरायची. एवढं सोपं आहे. मी अजूनही म्हणते, सोपं आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यापुढे जे शिकले ते माझं मी. सोळाव्या वर्षी काऊश्युंग शहरातल्या कारखान्यात रेडिओच्या सर्किटच्या पाट्यांवर सोल्डरिंग करायला लागले. इंग्रजी अक्षरं सुट्या भागांच्या खोक्यांवरून शिकले, आणि साहेब लोकांना जो दोष भिंगातून दिसायचा नाही तो मी नुसत्या डोळ्यांनी दाखवायचे. आता थायनान शहरात राहते, लिआव आमा, म्हणजे लिआव आजी, म्हणून गल्ली मला ओळखते. इंटरनेटवर राउटरवाल्यांचा एक अड्डा आहे, तिथे मात्र मी 'गरम सोल्डर' या नावाने लिहिते. तिथली पोरं मला तिशीतला इंजिनियर समजतात आणि दादा म्हणतात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. दादा म्हटलं की लोक उलट प्रश्न कमी विचारतात.

तर दुखणं असं होतं. आमच्या दिवाणखान्यात मुलाने कॅमेरा लावलाय. मुलगा आ-छ्येन, राहतो तायपेईत. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले असं त्याचं म्हणणं. मी पडले नव्हते. खाली बसले होते, जरा घाईने. पण त्याने कॅमेरा बसवला, आणि ऑफिसात बसून तो आम्हा दोघांकडे बघत असतो. आमची हरकत नव्हती. हरकत राउटरची होती. दर आठ-दहा दिवसांनी दुपारी दोन-अडीचला नेट जायचं आणि कॅमेरा आंधळा व्हायचा. मग आ-छ्येन मला फोन करण्याऐवजी आमच्या वॉर्डप्रमुखाला करायचा. (मी फोनवर सगळं ठीकच सांगते, म्हणून तो माझ्यावर विश्वास ठेवत नाही.) बिचारे जुआंग तीन मजले चढून, गुडघे धरून दारात उभे राहायचे आणि बघायचे तर मी पेरू कापतेय.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आ-छ्येनने फोन केला.

"आई, बस झालं. आणखी एकदा कॅमेरा बंद पडला की मी ट्रक घेऊन येतो."

"ट्रक कशाला?"

"तुम्हा दोघांना न्यायला. खोली तयार आहे. चौदावा मजला, लिफ्ट आहे, यी-जुंगने पडदेसुद्धा लावलेत."

यी-जुंग माझी सून. पडदे लावले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आणि सकाळी तुझ्या बापाला माशाची पेज कोण देणार? तुमच्या तायपेईत पेजेत साखर घालत नाहीत."

"आई, मी गंमत करत नाहीये. एकदा, फक्त एकदा बंद पडू दे."

ही एकेचाळीस वर्षांची माझी जागा. या घरात मी माझ्या सासूला वाकवलंय. चौदाव्या मजल्यावर खिडकी चार बोटंच उघडते, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात सासूला पाट मिळतो, पळी मिळत नाही. मला जायचं नव्हतं. नवऱ्यालाही जायचं नव्हतं, पण तो तसं बोलला नसता. आ-मोक त्याचं नाव. आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे कोणी घंटी वाजवल्याशिवाय तो कुठे थांबत नाही आणि कोणी सांगितल्याशिवाय निघत नाही.

नेट कंपनीच्या मदतकेंद्रात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "आमा, डबी जुनी झाली, बदलून घ्या." मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधी मी असल्या डब्यांची आतडी जोडत होते. जुनं झालं म्हणून बदलायचं असतं तर मी नवरा कधीच बदलला असता." मागून मोक म्हणाला, "ऐकतोय मी." मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी ठरवलं: डबी हीच राहील, अक्कल नवी भरायची.

घाई मी करत नाही. आधी पंचांग काढलं. आमच्या पंचांगात प्रत्येक दिवसाला काय करावं हे लिहिलेलं असतं: केस कापावेत, छप्पर शाकारावं, खड्डा खणावा. फर्मवेअर बदलावं असं कुठे लिहिलेलं नाही. पंचांगवाले मागे पडलेत. जवळचं काय, याचा विचार केला आणि 'नवी चूल मांडावी' हा दिवस धरला. तो निघाला शनिवार. त्या दिवशी आ-छ्येन दुपारपर्यंत झोपलेला असतो, हेही पंचांगात नसलं तरी मला माहीत होतं.

मग फाइल. इथे पहिला अडथळा. आमच्या राउटरच्या दोन जाती आहेत, अ आणि ब. बाहेरून जुळ्या, आतून सावत्र. एकीची फाइल दुसरीत घातली तर डबीची वीट होते. जात लिहिलेली असते डबीच्या बुडाच्या चिकटपट्टीवर. मी डबी उलटी केली. बुडावर मंत्राचा पिवळा कागद.

"मोक, हे काय?"

"नेट टिकावं म्हणून आणलाय. त्या डोंगरावरच्या देवळातून, सहलीला गेलो होतो तेव्हा. भारून दिलाय त्यांनी."

"एक दिसत नाहीये, तीन आहेत."

"पहिल्याने फरक पडेना, म्हणून दुसरा लावला. मग तिसरा. भाताच्या खळीने लावलेत, हलायचे नाहीत."

आता तुम्ही म्हणाल, खरवडून काढायचे. मंत्राचा कागद कोणी नखाने खरवडत नाही. तो जाळून निरोप द्यायचा असतो, आणि राउटरसकट जाळला तर फर्मवेअर कुठे भरणार? मोक तर डबीपुढे हात आडवे करूनच उभा राहिला. (चार-पाच मिनिटं डोळे मिटून खरवडला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी देवाधर्माला मानणारी बाई आहे, त्यातही नवऱ्यादेखत.)

मग मी तेच केलं जे आमच्याकडे कोणीही शहाणं माणूस करतं. देवाला विचारलं.

देव्हाऱ्यातले कौलाचे दोन तुकडे घेतले. लाकडाचे असतात, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट एक फुगीर पडलं तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर पडले तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देव हसतो. उदबत्ती लावली, नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली, राउटरचा नंबर सांगितला (देवाला कंपनीच्या बिलावरचा सतरा आकडी नंबर सांगताना मी एकदाही अडखळले नाही), आणि विचारलं, "देवा, जात अ आहे का?"

देव हसला.

पुन्हा विचारलं. पुन्हा हसला.

"थांब आता," मोक म्हणाला. "दोनदा हसला. म्हणजे प्रश्नच चुकलाय."

"हसणं म्हणजे नाही नव्हे. या घरात कोणीतरी हसायला हवंच होतं."

तिसऱ्यांदा हो आलं. झालं. अ.

सव्वाबाराला सुरुवात केली. नातीने टाकून दिलेला लॅपटॉप, पिवळी केबल, शेजारी माझी वही. सगळ्या सूचना मी हाताने वहीत उतरवल्या होत्या, काही बिघडलं तर काय करायचं यासकट. जे नेट बंद पडणार आहे त्याच नेटवर औषध ठेवायचं, हा तरुणांचा धंदा. फाइल निवडली, बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली. वीस टक्के, साठ टक्के. मी मोकला म्हटलं, "बघ. साहेब लोक याचे पगार घेतात." शंभर टक्के झाले. डबीचे सगळे दिवे विझले, ते विझायचेच होते. मग एक दिवा लागला, नारिंगी, आणि लुकलुकायला लागला. मी पाच मिनिटं वाट पाहिली. मग दहा. नारिंगी दिवा लुकलुकतच होता, आणि देव्हाऱ्यातला देव माझ्याकडे बघत होता.

"मेला का?" मोकने हळूच विचारलं.

"मेला नाही. वीट झालाय."

त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. आ-छ्येन. शनिवारी, साडेबाराला, जागा. (नंतर कळलं, यी-जुंगने त्याला पडद्याची दांडी बदलायला उठवलं होतं. आमच्यासाठी लावलेला पडदा.)

"घेऊ का?" मोक म्हणाला.

"घेऊ नकोस."

"घेतला नाही तर तो घाबरेल."

"घेतला तर तू खरं सांगशील. अर्धा तास दे मला. कॅमेरा चालू करते, मग त्याला सांगू की आपण जेवत होतो."

मोबाइल वाजून थांबला. पुन्हा वाजला. मोकने त्यावर उशी ठेवली. उशीखालून तो वाजत राहिला.

आता माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या: दुसरी फाइल, आणि खात्री. ब जातीची फाइल मी आधीच उतरवून ठेवली होती. मी देवावर विश्वास ठेवते, पण फाइली दोन्ही ठेवते. खात्री मात्र हवी होती, कारण दुसऱ्यांदा चुकलं तर डबी कायमची गेली, आणि डबीबरोबर घरही. मग मला जे सुचायला हवं होतं ते सुचलं. चिकटपट्टी कशाला हवी? आतली पाटी बघायची. जिचं आयुष्य पाट्या जोडण्यात गेलं ती बाई बुडावरचा कागद वाचायला देवाला बोलावते. असो.

मोकच्या नखं काढायच्या चिमट्याने फटीतून उचकटून कवच काढलं. आतल्या पाटीवर, चिपेच्या कडेला, स्वच्छ छापलेलं: ब. सोल्डरिंग मात्र गचाळ. आमच्या वेळी असं काम केलं असतं तर दुपारचा डबा बंद झाला असता.

आणि कवच हातात धरलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कवचाच्या बुडाला बारीक जाळी असते, आतली गरमी बाहेर जायला. ती जाळी आतून पाहिली तर पलीकडे पिवळं. तीन थर. भाताच्या खळीने गच्च.

मी मोककडे पाहिलं. मोकने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "दुपारी ऊन चढलं की तो तापायचा."

"हो."

"आणि तापला की बंद पडायचा. आणि बंद पडला की मी आणखी एक कागद लावायचो."

"हो."

"म्हणजे नुसते कागद काढले असते तर..."

"गप्प बस आणि टॉर्च धर, म्हाताऱ्या माकडा."

(ही गोष्ट मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. आ-छ्येन माझं लिहिलेलं वाचत नाही.)

पण आता कागद काढून भागणार नव्हतं. जुनी अक्कल पुसली गेली होती, नवी चुकीची होती. वहीत लिहिल्याप्रमाणे शेवटचा उपाय: आतलं बारीक बटण टाचणीने दाबून धरायचं, त्याच वेळी विजेचा प्लग लावायचा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की केबलवरून बरोबर फाइल पाठवायची, आणि मग तीन मिनिटं काही म्हणजे काही हलवायचं नाही. आमच्या भिंतीतलं सॉकेट ढिलं, प्लग हाताने दाबून धरावा लागतो. ते काम मोकला. कवच नसल्यामुळे केबल खाचेत बसेना, ती मी दोन बोटांनी धरणार. दोघंही जमिनीवर मांडी घालून बसलो.

"मी हो म्हटलं की लाव. आणि लावल्यावर हात काढलास तर तायपेईत रोज साखरेशिवाय पेज खाशील."

त्याने गंभीरपणे मान हलवली. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

आमच्या वॉर्डात खांबाखांबावर भोंगे आहेत. डेंग्यूची फवारणी कधी, कचऱ्याची गाडी कधी, हे त्यावरून सांगतात. जुआंग त्या दिवशी लग्नाच्या पंगतीत होते, आमच्याकडे येऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी ऑफिसात फोन करून सूचना द्यायला लावली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं: "चार नंबर गल्लीतल्या लिआव आमांना सकाळपासून कोणी पाहिलं असल्यास कळवावं. वय त्र्याहत्तर. उंची कमी. स्वभाव कडक. मुलगा काळजीत आहे."

"स्वभाव कडक," मी म्हटलं. "हे जुआंगचं काम."

"खिडकीतून हात करू का, की आम्ही आहोत म्हणून?"

"प्लग सोडायचा नाही."

पण मी अजून हो म्हटलं नव्हतं, म्हणून तो उठला आणि गॅलरीत जाऊन खाली टॉर्च हलवून आला. भर दुपारी. समोरच्या बाईने पाहिलं आणि फोनवर सांगितलं की म्हातारा मदतीसाठी खुणा करतोय. ती शिडीची गाडी अशी आली.

मी बटण दाबलं. "हो." मोकने प्लग दाबला. दिवा लुकलुकला, हळू, मग भराभर. टाचणी टाकली, केबल धरली, फाइल सोडली. जाऊ लागली. तीन मिनिटं. आणि दारावर थाप.

"अग्निशमन दल. आत कोणी आहे का?"

"आहोत," मोक जागेवरून ओरडला.

"आमा ठीक आहेत का?"

"ती ठीक आहे. तो गेला होता, पण आता थोडी धुगधुगी दिसतेय."

बाहेर बूट दाराजवळ सरकले.

"कोण गेला होता? शुद्धीवर आहे का?"

"मिचकावतोय. मध्ये मध्ये नारिंगी होतोय."

"रंग बदलतोय," बाहेर कोणीतरी कोणालातरी म्हणालं. "ऑक्सिजन वर घ्या. आजोबा, छाती दाबताय का?"

"ती टाचणीने दाबत होती. आता नुसती धरून बसलीये."

"टाचणीने?"

"दुसऱ्या कशाने ते भोक सापडत नाही."

"आजोबा, दार उघडा."

"आत्ता दार उघडलं तर तो कायमचा जाईल," मी म्हटलं. माझा आवाज कडक आहे, भोंग्याने सांगितलंच होतं. "दोन मिनिटं थांबा."

बाहेर वॉकीटॉकीवर कोणीतरी म्हणालं की बाईने एकाला धरून ठेवलंय. खालून यंत्राची घरघर आली आणि आमच्या गॅलरीच्या लोखंडी जाळीपलीकडे पिवळं शिरस्त्राण उगवलं. त्याखाली घामाघूम तरुण चेहरा, हातात जाळी कापायचं यंत्र.

"ती जाळी आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी बसवलीये," मी त्याला सांगितलं. "कापलीस तर तुझ्या आईला शोधून काढेन."

त्याने यंत्र खाली घेतलं. आत नीट पाहिलं. म्हातारा भिंतीला हात लावून बसलेला, म्हातारी केबल धरून, मध्ये जमिनीवर उघडी हिरवी पाटी.

"आमा," तो म्हणाला, "उघडं फर्मवेअर भरताय का?"

"डोळे आहेत तुला."

"ब जात?"

"ब."

"माझ्याकडे हीच आहे. मीपण आधी अ भरलं होतं." मग तो वॉकीटॉकीत बोलला, सावकाश, शब्द तोडून: "रुग्ण राउटर आहे. पुन्हा सांगतो, राउटर. प्रकृती स्थिर होईपर्यंत कोणी आत येऊ नये."

त्या पोराचं भलं होवो. आईबापांनी नीट वाढवलंय.

हिरवा दिवा लागला. मग दुसरा. मग वाय-फायचा. मोकला मी हात काढायला सांगितलं तर त्याचा हात निघेना, मुंग्या आल्या होत्या. मी दार उघडलं. चार जवान, एक ऑक्सिजनची नळकांडी, एक स्ट्रेचर आणि पंगतीतून उठून आलेले जुआंग, छातीला अजून लग्नाचं लाल फूल. सगळे आत आले, डबीभोवती वाकून उभे राहिले. आणि बरोबर तेव्हा कॅमेरा जागा झाला.

"आई?" कॅमेऱ्यातून आ-छ्येनचा आवाज आला. तो निघालाच होता. मागे रेल्वेची घोषणा ऐकू येत होती. "आई, घरात किती माणसं आहेत?"

"सात, आणि एक शिडीवर. बसा म्हणतेय, कोणी बसत नाही."

"स्ट्रेचर कोणासाठी आहे?"

"कोणासाठी नाही. तू जेवलास का?"

दोन तासांनी मुलगा आणि सून दारात. आ-छ्येनने चपला न काढताच आधी बापाला, मग मला वरपासून खालपर्यंत तपासलं. शेवटी म्हणाला, "ट्रक पुढच्या शनिवारी सांगतो."

"घड्याळ बघ," मी म्हटलं. "किती वाजले?"

"साडेतीन."

"कॅमेरा?"

त्याने मोबाइलवर पाहिलं. मोबाइलवर आम्ही चौघं दिसत होतो, मी कमरेवर हात ठेवून.

"अडीचला जाणारं नेट आज साडेतीनला आहे. माझ्यामुळे. एक महिना बघ. एकदा जरी बंद पडलं तर मी स्वतः ट्रकमध्ये चढेन, ड्रायव्हरशेजारी बसेन, आणि वाटेत बोलणार नाही."

वाटेत बोलणार नाही म्हटल्यावर त्याला पटलं की मी गंभीर आहे. महिना मिळाला.

महिन्यात नेट एकदाही गेलं नाही. एकदाही. (त्याच संध्याकाळी आम्ही कवचाचं बूड वाफेवर धरून कागद मऊ केले, अख्खे सोडवले आणि विधीपूर्वक जाळले. त्याबद्दल आम्ही दोघंही कोणाशी बोललो नाही. श्रेय फर्मवेअरचं, म्हणजे माझं.) अड्ड्यावर मी सगळी हकिगत लिहिली, स्ट्रेचर वगळून. पोरांनी लिहिलं, दादा, तुम्ही थोर आहात. मी लिहिलं, माहीत आहे.

महिनाभरात यी-जुंग तीनदा येऊन गेली. मला वाटलं तपासणीला. ती सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायची. तिचं काम घरून चालतं, दिवसभर मीटिंगा. एकदा म्हणाली, "आई, इथे एकदाही तुटलं नाही. आमच्याकडे चौदाव्या मजल्यावर दोनशे घरांचे राउटर एकमेकांच्या अंगावर ओरडतात." मी मान उंच करून तिला सगळं दाखवलं: कुठला मार्ग मोकळा ते कसं बघायचं, कोणाला किती नेट द्यायचं ते कसं ठरवायचं, पासवर्ड कुठे बदलायचा. सून इतक्या लक्षपूर्वक माझं ऐकतेय, असं सोळा वर्षांत पहिल्यांदा झालं.

महिना संपला. शनिवारी सकाळी आ-छ्येनचा फोन आला. "आई, तू जिंकलीस. तुम्हाला कुठे जायला नको."

"मग तो आवाज कसला येतोय?"

"ट्रकचा."

ट्रक आला. तो तायपेईहून भरून आला. पलंग, यी-जुंगचं टेबल, हवा कोरडी करायचं यंत्र, नातीचा विजेवरचा पियानो आणि ते पडदे. "तुम्ही दोघं एकटे राहू नयेत एवढंच आमचं म्हणणं होतं," आ-छ्येन खोकी उचलत म्हणाला, "आणि इथलं नेट बघता मीपण घरून काम करू शकतो, आम्हीच येणं बरं." मोकने ट्रक मागे घ्यायला हात दाखवले. तो खूश होता. ट्रक मागे घेताना त्याला नेहमीच बरं वाटतं.

आता घरात पाच माणसं आणि चौदा यंत्रं. राउटरवर यी-जुंगने चिठ्ठी लावलीय (कडेला, जाळी सोडून, ती हुशार आहे): 'मीटिंग चालू असते. हात लावू नये.' हे कोणासाठी लिहिलंय ते मी विचारलं नाही. पासवर्ड तिने बदलला. कोणाला किती नेट द्यायचं हेही तिनेच ठरवलं, मी शिकवलं तसं, अगदी बरोबर. माझ्या वाट्याला जेवढं आलं त्यात अड्ड्याचं पान उघडेपर्यंत चहा गार होतो.

म्हणून हल्ली मी दुपारी गल्लीच्या टोकाच्या देवळात जाते. आवारात बाक आहेत, पंखा आहे आणि भाविकांसाठी फुकट वाय-फाय आहे. झकास चालतं. तिथून पोरांना सल्ले देते. परवा खांबावरच्या त्यांच्या राउटरकडे बघत देवळाच्या राखणदाराला विचारलं, याच्यात कुठलं फर्मवेअर आहे, कोणी भरलं, सांभाळतं कोण.

त्याने झाडू थांबवला आणि वर पाहिलं.

"कोणी नाही, आमा," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली, त्याला कोणी हात लावलेला नाही. म्हणून तर चालतोय."